नुसतं बसायची परवानगी

“थोरली अजून माहेरीच कशी?”

निकिताला बघायला आलेल्या द्वारकाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता विचारलं. बेंबळीची माणसं. मुलगा सरळ, नोकरी कायमची. पोरगी पसंत पडल्याचं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि नेमका तेव्हाच हा प्रश्न.

हर्षालीनं चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि हसून सांगितलं, “कॅनडाचा व्हिसा आलाय, मावशी. पण विमान मधी एका देशात थांबतं. तिथला ट्रान्झिट व्हिसा अडकलाय.”

“तिथं काय काम हाय तुझं?”

“कायबी न्हाय. विमानतळाच्या बाहेरसुद्धा पडायचं न्हाय. दुसरं विमान येईस्तवर नुसतं बसायचं.”

“नुसतं बसायला परवानगी?” द्वारकाबाई खो खो हसल्या. “लई शाणी माणसं हायत की!”

सगळेच हसले. पोरींचे वडील, अप्पा, सगळ्यांत मोठ्यानं हसले. विषय तिथंच मिटला आणि सुपारी कधी फोडायची यावर बोलणं आलं.

त्यांचं गाव जळकोट, हायवेवरचं. तिथल्या लोकांना व्हिसा माहीत होता, पण हे मधल्या देशाचं प्रकरण नवीन होतं. हर्षालीचं लग्न झालं तसा पंधरवड्यात तिचा नवरा उत्कर्ष कॅनडाला निघून गेला. तू मागून ये, म्हणाला. तेव्हापासून हर्षाली गावाला ट्रान्झिट व्हिसा समजावून सांगत होती. बॅग भरून, दुकानातल्या काट्यावर वजन करून तयार होती. शेंगदाण्याची चटणी दोनदा खवट झाली, दोनदा नवी कुटली.

शेजारच्या तारामतीकाकू रोज विचारायच्या, “आला का गं कागद?” चौकशीत माया किती आणि चव किती, हे त्यांनाच ठाऊक. अडकलेली लेक गावाला चालते, माघारी आलेली चालत नाही. माघारी आलेलीच्या धाकट्या बहिणीला स्थळं येत नाहीत, आली तर बिजवराची. ही असली रीत ज्यानं कुणी घातली असेल, त्याला लेक नसावी.

आई गेल्यावर दोन्ही पोरी अप्पांनी एकट्यानं वाढवल्या होत्या. हर्षालीनं पहिल्यांदा या व्हिसाचं नाव काढलं, तेव्हाच त्यांनी तिचा पासपोर्ट पिशवीत घातला. “तू कशाला हेलपाटे घालतीस? म्या हाय की.” धाराशिवला मकबूल नावाचा एजंट होता. त्याच्याकडं ते दर आठवड्याला जायचे आणि संध्याकाळी दमून परत यायचे.

“आज म्हणला, बँकेचा शिक्का पुसट हाय.”

“आज म्हणला, फोटूत कान दिसंनात.”

हर्षाली मान हलवायची आणि पाण्याचा तांब्या आणून द्यायची. कधी कधी ती काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मग स्वयंपाकघरात निघून जायची.

निकिताच्या बाबतीत अप्पांनी या खेपेला काही बाकी ठेवलं नाही. मुलाचं ऑफिस पाहिलं, शेजाऱ्यांना विचारलं, बेंबळीच्या न्हाव्याकडं दाढीला बसून त्याच्याकडूनही माहिती काढली. लोक म्हणाले, बाप असावा तर असा.

लग्न तुळजापूर रोडच्या मंगल कार्यालयात लागलं. हर्षालीच्या हळदीला अप्पा कुणाचा तरी फोन घेऊन मांडवामागं गेले होते, आणि नंतर पित्त उसळलं म्हणून जेवलेच नव्हते. निकिताच्या हळदीला मात्र बॅन्जोसमोर नाचले, दोनदा ताट वाढून घेतलं. हर्षालीनं करवली म्हणून सगळं हौसेनं केलं. पाठवणीला ती इतकी रडली, की बायका म्हणाल्या, आता हिचाही कागद येऊ दे गं आई भवानी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पुन्हा पिशवी उचलली.

“अप्पा, कुठं जायलाव?”

“धाराशिवला. तुझ्या कागदाचं बघून येतो.”

“नका जाऊ.” हर्षाली दारात आडवी उभी राहिली. “त्यो मकबूलभाई तुमाला बनवायलाय. अर्जच न्हाय, तर शिक्का कशाचा पुसट व्हईल? मला कॅनडाचाच व्हिसा न्हाय, अप्पा. उत्कर्षची तिथं बायको हाय. आमचं लगीन व्हायच्या आधीपासून. गेल्या गेल्या फोन करून सांगितलं त्यानं मला. निकिताचं व्हईस्तवर कुणाला कळू नये, म्हणून म्या त्या मधल्या देशाचं काढलं.”

इतके महिने गिळलेलं एका दमात बाहेर पडलं. आता अप्पा ओरडतील, नाहीतर जवळ घेतील, असं तिला वाटलं. अप्पा पायरीवर बसले.

“मकबूलला बोल लावू नको,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी पासपोर्ट बघून त्यानं सांगितलं, पुढच्या देशाचा व्हिसा न्हाय, तर मधल्याचा कशाला मागताव? परत म्या त्याच्याकडं गेलोच न्हाय.”

“मग दर आठवड्याला कुठं जात व्हताव?”

“स्टँडवर. सांजच्या गाडीपतुर नुसता बसायचो.”

हर्षाली दारातून बाजूला झाली. तिच्या खोट्याची लाज राखायला तिचा बाप उन्हातान्हात स्टँडवर बसून राहिला होता, आणि ती त्याला भोळा समजत होती. जगात आपलं म्हणावं असं एक माणूस तरी आहे, या विचारानंच तिला भरून आलं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांचा खरबरीत हात तिनं दोन्ही हातांत धरला.

“एकट्यानंच सोसलंत व्हय, अप्पा? मग उत्कर्षचं सगळं तुमाला मकबूलभाईकडंच कळलं?”

अप्पांनी हात सोडवून घेतला. तिच्याकडं न बघता ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

“न्हाय,” ते म्हणाले. “त्ये तुझ्या हळदीतच कळलं व्हतं.”