चिकटवलेली चित्रं

मुळाक्षरांच्या तक्त्यावरची सगळी चित्रं वैजूआत्यानं कात्रीनं कापून टाकली. शिकवायला घरी आणलेली पाचवीतली भाची, रसिका, अक्षराकडे बघायचीच नाही. शेजारचं चित्र पाहून ‘कमळ, गणपती, बदक’ धडाधड म्हणायची आणि वर्षभर आत्या भुलली होती.

“आता वाच.”

उघड्याबोडक्या अक्षरांतलं एकही पोरीला ओळखता येईना. तिच्या बापाचा निरोप आला होता: उद्या येतो, वाचता येत नसेल तर शाळा बस झाली, तुझ्याबरोबर काजूच्या कारखान्यात ने. काजू फोडून फोडून आत्याची बोटं चिकानं कायमची काळी पडली होती. तिनं समजावलं, दरडावलं, शेवटी एक धपाटा घातला आणि डोळे पुसत ती चुलीकडे गेली.

परतली तेव्हा रसिकानं भाताच्या शितांनी सगळी चित्रं पुन्हा चिकटवली होती. ‘ब’शेजारी गणपती, ‘ग’शेजारी कमळ, ‘क’शेजारी बदक.

“आत्या, आता येतंय बघ!” ‘ब’वर बोट ठेवून ती ठणकावून म्हणाली, “गणपती!”

“हुशार गं माझी बाय,” म्हणत आत्यानं ते चुकलेलं बोट मुठीत धरलं. त्याला अजून काजूचा चीक लागला नव्हता.