पोत्याची चिंधी

सकाळपासून तिसऱ्यांदा चैतालीनं चाळीस फोटो एफटीपीनं, म्हणजे फाइली थेट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर धाडायच्या सोयीनं, दूरच्या सर्व्हरवर पाठवले आणि तिसऱ्यांदा एकच पोचला. पवनेच्या धरणात गेलेल्या गावातल्या घरांचे हे फोटो आता फक्त एका वेबसाइटवर होते आणि ती संध्याकाळी बंद होणार होती. “बाकीची घरं कुटं गेली गं?” मागून डोकावत आजीनं विचारलं. “त्या सर्व्हरला मराठी नावं कळत नाहीत. सगळ्यांना एकच नाव देतो, मग नवा फोटो जुन्यावर बसतो.” आजी हसली. “कामशेतच्या भातगिरणीत सगळी पोती सारखीच दिसायची. आमी आपापल्या पोत्याला निराळी चिंधी बांधायचो. तूबी बांध की!” चैतालीनं कीबोर्ड जवळ ओढला. “चिंधी म्हणजे नंबर! नावांऐवजी फोटोंना नंबरच देते. वेशीपासून घरं सांग.” “वेशीपासनं गावकीतली बडी मंडळी मोजायची. आपलं वढ्याकाठचं घर कायम शेवटी. आज वढ्याकडनं मोज.” चाळीसही घरं पोचली. ओढ्याकाठचं घर सगळ्यांत पुढं होतं.