पडद्यावरची गर्दी

पडद्यावर करड्या सावल्या दाटल्या होत्या. तळ्यातून नदीकडे जाणाऱ्या चरातलं पाणी इतकं गढूळ होतं की डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पाण्यात बसवलेलं सोनार यंत्र आवाजाच्या लाटांनी माशांची चित्रं पाठवत होतं आणि कोपऱ्यातला आकडा सारखा वाढत होता.

"चार हजार," शेखर म्हणाला. "पाहुणे खूश होणार."

निफाडजवळचं हे बुजलेलं तळं त्याच्या संस्थेनं पुन्हा जिवंत केलं होतं. नदीतले मासे परत येतात का, हे मोजायला मोहिनीला नेमलं होतं.

"सर, हे तेच तेच मासे आहेत," मोहिनी म्हणाली. "वरती तळ्याच्या तोंडाशी जाळं आहे. त्याला धडकतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. मशीन दर वेळी नवा मासा म्हणून मोजतं."

"जाळं मीच लावायला सांगितलंय. तळ्यात आणून सोडलेले मासे नदीत पळाले, तर दाखवू काय?"

"नदीतल्या माद्यांना अंडी घालायला आत जायचंय. आता नाही गेल्या तर हे वर्ष गेलं."

"पुढच्या वर्षी घालतील." तो मोबाइलमध्ये बघून केस नीट करत होता. "लोकांना आकडा कळतो गं. मासा कुणाला कळतोय? आणि याला जरा निळा रंग देता येईल का? फारच मळकट दिसतंय."

मोहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. कालपर्यंत ती त्याच्याशी भांडत होती. आज तिला रागही येईना. रागावण्याइतका तो माणूस तिला मोठा वाटेना.

त्याचा फोन वाजला. पाहुण्यांच्या गाड्या शहरातच, द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. तो बोलत बोलत मंडपाकडे गेला.

मोहिनीनं आकडा शून्यावर आणला. मग काठावरच्या होडीतून कोयता उचलला.

"मॅडम, ते जाळं मी बांधलंय," होडीवाला हिरामण म्हणाला. "साहेब मला इचारतील."

"मी कापलं म्हणून सांगा."

"तुमची नोकरी जाईल ना."

"जाऊ दे."

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली. शेवाळलेले दोर तटातट तुटले, जाळं एका अंगाला कललं. काहीतरी जड, गुळगुळीत तिच्या गुडघ्याला घासून वर गेलं. मागोमाग दुसरं. ती हलली नाही.

पाहुणे आले तेव्हा ती ओल्या कपड्यांनीच मशीनशेजारी उभी होती. पडद्यावर नुसतं पाणी होतं. कोपऱ्यात एकोणीस.

"एवढेच?" एका पाहुण्यानं विचारलं.

"एवढेच," मोहिनी म्हणाली. "पण आत गेलेले."

पाहुण्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. शेखर हसत हसत सगळ्यांना चहाकडे घेऊन निघाला. जाता जाता तिच्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. तिची नजर पडद्यावरच होती.

खालच्या कडेनं एक सावली आली. वाम माशासारखी लांबट, पोटाशी फुगलेली. जाळं होतं तिथे ती क्षणभर अडखळली, मग सरळ वर निघून गेली.

मंडपात टाळ्या वाजत होत्या.