लिंबू-मिरचीचा दोरा

"एसीचं काम वॉरंटीत बसत नाही, साहेब," सर्व्हिस सेंटरमधली मुलगी कागद बघत म्हणाली. "नव्या गाडीचं बसलं असतं. तुमची ही कंपनीने तपासून विकलेली सेकंडहँड. हिला वॉरंटी फक्त इंजिन आणि गिअरबॉक्सची."

आई शेजारीच बसली होती. कोरी करकरीत गाडी म्हणून मी तिच्याकडून पूजा करून घेतली होती. तिने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. माझी मान वर होईना.

"आई, मी तुला..."

"मला पूजेच्या दिवशीच कळलं. पुढच्या बंपरखाली कुणाचा तरी जुना लिंबू-मिरचीचा दोरा लोंबत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"सूनबाईला दिसायच्या आत तोडून पदराखाली लपवला," आई म्हणाली. "तिलाही कोरी म्हणूनच सांगितलंस ना?"