रुळाकडची खोली

दरेकशात रूळ ओलांडताना खुमेंद्र गाडीखाली गेला. तेव्हापासून गाडी आली की त्याची आई रामकली कान झाकून भिंतीकडे तोंड करून बसे. घर रुळालगतच होतं. वडील, डोमनलाल, आवाज थांबवायचं काही मिळतं का पाहायला गोंदियाला गेले. दुकानदारानं ग्लासवूल, फेल्ट, खाचांचा फोम समोर मांडला आणि खरं ते सांगितलं, “भाऊ, यानं खोलीतला घुमारा जाते. बाहेरची गाडी नाही थांबत. त्याले दुसरी जाड भिंत लागते.” तरी त्यांनी फोम घेतला आणि रुळाकडच्या खोलीच्या चारही भिंतींना चिकटवला. दुपारची मालगाडी आली तशी भांडी खणखणली. “आवाज येऊनच राहिला,” डोमनलाल म्हणाले. “काढून टाकू?” रामकलीनं कान झाकले नव्हते. “राहू द्या,” ती म्हणाली. “पोराची खाट बाहेर काढली तेव्हापासून खोली घुमून राहिली होती. आता नाही घुमत.”