चिमट्याची लांबी

हणमंतरावांनी शेतासाठी चारचाकी बाईक घेतली, पण मागं बायको बसली की चढावर पुढची चाकं हवेत. गाव हसलं, तेव्हापासून सिंधुबाई शेतात पायीच जायच्या. शेवटी दोघं औशाच्या वेल्डरकडं गेले. "मागची चाकं धरणारा चिमटा कापून लांबवला की पुढचं उठणार न्हाई," तो म्हणाला. "मागं वजन किती?" हणमंतराव बायकोकडं न बघता म्हणाले, "खताचं पोतं समजा." "एक का दोन?" वेल्डरनं प्रामाणिकपणे विचारलं. हणमंतराव आभाळ न्याहाळू लागले. "दोन धरा," सिंधुबाईच म्हणाल्या. चिमटा कापला, मधे तुकडा जोडला, साखळी वाढवली. दुकानासमोरच चढ होता. हणमंतराव बसायला वळले, तर सिंधुबाई पदर खोचून पुढं बसलेल्या. "तुमी बसा मागं, मालक. जोड टिकतो का बघू." गाडी चढली. पुढची चाकं जमिनीला चिकटून होती, आणि हणमंतराव सिंधुबाईंना.