काचेतली सून

मन्मथस्वामीची आण घेऊन सांगते गं पोरी मंजे, शब्द न् शब्द खरा हाय. मी नवी नवरी असताना अहमदपुरात कंपनीचं यंत्राचं प्रदर्शन आलं. मोटार येवढी लांब, की तोंड बाजारात अन् शेपूट पार शिरूरला! माझे पाय काही घरात ठरंनात. शेवटी देवळाचं निमित्त काढून सुटले. कंपनीच्या माणसानं तंबूत नेऊन यंत्रापुढं बसवलं. म्हणला, "बाई, तुमचं तोंड बाहेर काचेच्या पेटीत दिसतंय." अन् बाहेर पयल्या रांगेत कोण? माझे सासरे!

मामंजी घरात शिरताना दारात खाकरायचे, म्हंजी सुनेनं तोंडावर पदर घ्यावा. सवयीनं ते पेटीपुढं बी खाकरले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर लई जोरात. अख्खा बाजार हसला. तंबूत मला त्यांचं खाकरणं ऐकू आलं, तसा मी झटकन पदर ओढला.

त्या दिवसापासून मामंजी दारात खाकरायचे बंदच झाले.

"आज्जे, येवढी लांब मोटार कुठं असती का?"

"मोटार होतीच तेवढी. खोटं एकच हाय. पदर मी ओढलाच न्हाई."